पुढच्या चाकातली टकटक

मित्रांनो, धरणगावच्या कापसाच्या जिनिंग गिरणीमागे पत्र्याच्या छपराखाली रंग उडालेली, बिनटपाची जीप उभी दिसते, ती मी. माझा जन्म लढाईसाठी झाला. दूरदेशीच्या कारखान्यात मला जोडले आणि जहाजातून इकडे पाठवले. पण मी फार लढाई पाहिली नाही. ती संपली आणि माझ्यासारख्या कितीतरी गाड्या मैदानात ऊन खात उभ्या राहिल्या. देश स्वतंत्र झाला त्या हिवाळ्यात आमचा लिलाव झाला. कापसाचे व्यापारी केवलचंद शेठ यांनी मला घेतले. मला आणायला आला तो सुपडू.

सुपडू पलटणीत तोफा ओढणाऱ्या गाड्या चालवून आलेला. उंच आणि अबोल माणूस. माझ्या चारही चाकांना जोर लावता येतो, हे गावाला आधी खरे वाटेना. काळ्या चिखलात बैलगाड्या रुतत, तिथून तो खालचा गिअर टाकून मला अलगद बाहेर काढी. गिरणेच्या वाळूतून पलीकडच्या गावांना कापूस पाहायला जाणे तर नेहमीचेच झाले. पलीकडे पोचलो की माणसे माझ्या बॉनेटवर हात फिरवीत आणि मला फार अभिमान वाटे. सुपडू मात्र आधी वाकून माझी चाके पाही, मग स्वतः पाणी पिई.

असे कितीतरी हंगाम गेले. वाळू आणि पाणी माझ्या पुढच्या एक्सलमध्ये शिरत राहिले. माझ्या पुढच्या दोन्ही चाकांच्या आत तुमच्या मनगटासारखा एकेक सांधा आहे. चाक वळलेले असतानाही त्याला जोर पोचवायचे काम हा सांधा करतो. डाव्या बाजूचा सांधा झिजू लागला. सरळ रस्त्याला काही कळत नसे, पण चारही चाके जोडून वळण घेतले की टक, टक असा आवाज येई. मला दुखत होते आणि मी ते सांगत होते. ज्याने ऐकायचे, त्याला मात्र ऐकू येत नव्हते.

दिवाळीनंतर शेठजी आपल्या म्हाताऱ्या आईला, गुलाबबाईंना घेऊन नदीपलीकडे बहिणीकडे निघाले. वाळूत वळताना तोच आवाज झाला. मागे बसलेल्या शेठजींनी विचारले, हे काय वाजते? सुपडू बोलला नाही. त्यांनी पुन्हा विचारले. तो समोर पाहत गाडी चालवत राहिला. घरी आल्यावर शेठजी आईला म्हणाले, सुपडूला आता मिजास आली आहे, साधे उत्तर देत नाही. गाडी दुरुस्त होऊन आली की दुसरा ड्रायव्हर पाहायचा.

सुपडूची बायको कमलबाई त्यांच्याच घरी दळण-निवडण करी. तिच्या कानावर हे पडले. खरे कारण तिला माहीत होते. तोफांच्या शेजारी राहून नवऱ्याचे कान अधू झालेले, आणि अलीकडे तर फारच मंद झाले होते. घरी ती त्याच्यासमोर येऊन, तोंड दिसेल अशी बोले. त्याने कधी कबूल केले नव्हते, तिनेही कधी विचारले नव्हते. कान गेले म्हणजे स्टेअरिंग गेले, याची भीती दोघांनाही होती.

शेठजींच्या हुकमावरून सुपडू मला अमळनेरला तोताराम मिस्त्रीकडे घेऊन निघाला, तेव्हा कमलबाईही शेजारी येऊन बसली.

तोतारामने मागच्या चाकांना दगड लावले आणि माझी डावी बाजू जॅकवर उचलली. चाक वर-खाली धरून हलवले, ते फारसे हलले नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून चाक पुढे-मागे झुलवले, तेव्हा ते आधी मोकळे फिरले आणि मग अडकले. त्याने मान हलवली. मला खाली उतरवून, गॅरेजमागच्या मऊ मातीत चारही चाके जोडून, स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवायला सुपडूला हाताने खुणावले आणि स्वतः डाव्या चाकाशेजारून चालू लागला. टक, टक.

"सुपडूभाऊ, आला का आवाज?" त्याने विचारले. उत्तर नाही. त्याने मोठ्याने विचारले. सुपडूने त्याच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाजाने सांगितले, की काही नाही, सगळे ठीक आहे.

कमलबाई खाली उतरली. वळसा घालून त्याच्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "तुमले ऐकू येत नही. हाई माले कवयनं माहीत शे."

तिला हे कधीचे माहीत आहे, हे कळून सुपडूचे हात स्टेअरिंगवरच राहिले. तोताराम पाठ फिरवून एक स्वच्छ पाना उगाच पुसत बसला. थोड्या वेळाने तो परत आला, चाक पुन्हा उचलले आणि सुपडूला खाली उतरवून त्याचा पंजा धरून चाकामागच्या गोल वाटीवर ठेवला. मग चाक झुलवले. आत माझा झिजलेला सांधा ठोकत होता.

"हाऊ शे," सुपडू म्हणाला. "हातले लागस."

त्याने पंजा काढला नाही. मला आईने कपाळावर हात ठेवावा तसे वाटले. त्याचे डोळे भरून आले होते. अशा अवस्थेत आपण हिला नदीतून नेत होतो, एवढेच तो पुटपुटला.

तोतारामने सांधा उघडून दाखवला. आतल्या गोळ्यांनी चरे पाडले होते. नदीत तो तुटून अडकला असता, तर स्टेअरिंगही वळले नसते. मोडीत निघालेल्या दुसऱ्या जीपचा चांगला सांधा त्याने मला बसवला आणि नवे ग्रीस भरले.

वाटेत कमलबाईने त्याला शेठजींच्या रागाचे सांगितले होते; परतल्यावर सुपडू स्वतःच शेठजींपुढे गेला. "शेठजी, त्या दिनले तुमी इचारं, ते माले ऐकूच उनं नही. माना कान गयात."

शेठजी म्हणाले, "मी उगाच रागावलो. पण रस्त्याला एसटी येते, ट्रक येतात. कानाशिवाय कसं चालेल?"

दारातून कमलबाई म्हणाली, "मी बससू त्यासना जोडे."

ड्रायव्हरशेजारी बाई बसणार, हे कुणी ऐकले नव्हते. शेठजींनी आईकडे पाहिले. गुलाबबाईंनी हातातली माळ थांबवली. "बसू दे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही तिघे हिंडलो. बाजारात काही जण हसत, कमलबाई पदर सारखा करून समोर पाही. मागून हॉर्न आला की ती त्याच्या कोपराला हात लावी आणि तो मला बाजूला घेई. माझ्यात काही नवे वाजले, तर ती ऐके, आणि तो तिथे पंजा ठेवून पाही. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुखाची वर्षे.

आता शेठजींनी ट्रक घेतला आहे. ती दोघे कमलबाईच्या माहेरगावी शेती करतात. माझ्या टायरांत हवा नाही, सीटखाली कोंबडी अंडी घालते. मित्रांनो, जुन्या वस्तूत काही वाजू लागले तर ती मोडेपर्यंत थांबू नका, हात लावून पाहा. आणि कुणी तुमच्या बोलण्याला उत्तर देत नसेल, तर लगेच त्याला गर्विष्ठ ठरवू नका. दोन पावले चाला, त्याच्यासमोर उभे राहा आणि मग बोला.