चार आणि सहा दोनदा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फासा आहे. एका सुताराने उरलेल्या तुकड्यातून मला कापले आणि तापलेल्या तारेने माझ्यावर एकवीस ठिपके जाळले. पुष्कळ वर्षे मी खेळात रमलो. जिंकणारे माझे मुके घेत, हरणारे माझ्यावरच खापर फोडत. मग सगळे मला विसरले आणि मी शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये जाऊन पडलो. तिथे मला एकच स्वप्न पडे. मी हवेत सावकाश फिरतो आहे आणि माझ्या सहाही बाजू अजून शक्य आहेत. खाली टेकलो की मात्र एकच वर येते. दोन बाजू एकदम कधीच नाहीत.

एका रविवारी दोन बहिणींनी मला बाहेर काढले. त्यांची आई अकरा दिवस दवाखान्यात होती. भेटायला एकाच मुलीला परवानगी होती. ताईला धाकटीलाच पाठवायचे होते. पण धाकटी मोठी मानी, कुणी दिलेले घेत नसे. म्हणून ताईने मनातल्या मनात बेरीज केली : सम दाने तीन, तीनच्या वरची तीन, झाली सहा, म्हणजे सगळीच धाकटीची.

"सम पडलं किंवा तीनच्या वरचं पडलं, तर तू जायचं. नाहीतर मी."

"चालेल. पण रडीचा डाव नको हं, ताई!"

मी उडालो. क्षणभर तेच स्वप्न. मग फरशीवर टेकलो, तीन ठिपके वर घेऊन.

ताईचा चेहरा उतरला. "असं कसं? सहाही तुझेच होते!"

धाकटीने मला उचलले आणि एकेक बाजू बोटाने चाचपली. "दोन, चार, पाच, सहा. चारच माझे. चार आणि सहा समही आहेत आणि मोठेही. तू ते दोनदा धरलेस, वेडाबाई." तिने ताईकडे रोखून पाहिले. "म्हणजे तू मुद्दाम हरणार होतीस?"

"परत टाकू या ना."

"अजिबात नाही. पडलं ते पडलं." तिने मला मुठीत घट्ट धरले. "तू जा. आणि आईला सांग, सहातली चार दानं माझी होती."

ताई जिना उतरून गेली. ती परतेपर्यंत धाकटीने मला मुठीतून सोडले नाही.

मित्रांनो, ज्या गोष्टी एकाच वेळी घडूच शकत नाहीत, त्यांच्या शक्यता खुशाल मिळवा. पण ज्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यांची बेरीज करण्याआधी मला हातात घ्या, नीट फिरवून पाहा. माझ्या बाजू सहाच आहेत. कुणावर कितीही माया असली, तरी त्या वाढत नाहीत.