क्लेमची बर्फाची पेटी

“इतका वाकू नकोस त्या यंत्रावर. घामाचा एक थेंब पडला तर वर्षभराच्या मेहनतीची माती होईल,” व्हाल्डा हॉकिंग खुर्चीतूनच म्हणाली.

“नाही पडणार. माझा घाम मला विचारल्याशिवाय काही करत नाही,” क्लेम ट्रेझाईज म्हणाला आणि नाकाच्या शेंड्यावरचा थेंब त्याने खांद्याला पुसला.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलमधल्या त्या बोलिंग क्लबचा हॉल जानेवारीच्या, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्याच्या, दुपारी नुसता भाजून निघतो. हिवाळ्यात बाहेरच्या हिरवळीवर म्हातारी मंडळी चेंडू घरंगळवत असतात, पण जानेवारीत एक शनिवार हॉल कॉम्प्युटरवाल्यांना मिळतो. झाकणं काढलेली यंत्रं टेबलांवर मांडून ही माणसं आपापल्या प्रोसेसरला कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवतात. वेग वाढवायचा तर वीज जास्त पाजावी लागते, वीज वाढली की तो तापतो आणि हद्दीबाहेर तापला की एकतर आपणहून मंदावतो, नाहीतर यंत्रच बंद पडतं. भलंमोठं गणित सोडवताना शेवटपर्यंत ज्याचा वेग सगळ्यांत जास्त टिकेल तो जिंकला. त्याचं नाव भिंतीवरच्या फळ्यावर सोनेरी अक्षरात चढतं.

आणि या गावाचा आपला एक नियम आहे. स्पर्धा चालू असताना छतावरचा कूलर बंद. थंडगार खोलीत प्रोसेसर कोणीही पळवेल, त्यात काय मोठंसं? ऊन सगळ्यांना सारखं. कोणी चुकून कूलर लावलाच, तर एका स्पर्धकाने हरकत घेतली तरी पुरे. कूलर बंद करायचा, हॉल पुन्हा तापू द्यायचा आणि सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची.

क्लेमचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वस्तू थंड ठेवण्यात गेलेलं. खाटकाची शीतखोली, पबमधल्या बिअरच्या नळ्या, हॉस्पिटलमधली नाव घेऊ नये ती खोली, कुठेही थंडावा रुसला की बोलावणं क्लेमला. “उष्णता काही वैरीण नाही,” तो म्हणायचा. “तिला फक्त बाहेर जायला वाट हवी असते. वाट दिली की ती मुकाट्याने निघून जाते.” निवृत्त झाल्यावर हातांना चैन पडेना, म्हणून तो या नादाला लागला. मोडीत निघालेल्या शीतखोलीची तांब्याची नळी त्याने स्वतः वळवून तिची गुंडाळी केली आणि सहलीला न्यायच्या बर्फाच्या पेटीत बसवली. पेटीत बर्फ आणि पाणी, गुंडाळीतून फिरणारं वेगळं पाणी, ते छोट्या पंपाने थेट प्रोसेसरच्या डोक्यावर. बाकीचे लोक पंख्यांनी हॉलमधली गरम हवाच प्रोसेसरवर मारत बसायचे.

तरीही क्लेमचं नाव फळ्यावर कधी लागलं नव्हतं. कधी पंप अडला, कधी हाव नडली. दरवर्षी दुसरा. फळ्यावरची अक्षरं व्हाल्डा रंगवायची. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तिच्याच हातच्या. वय झालं तरी ब्रश धरला की तिचा हात दगडासारखा स्थिर.

“तुझं आडनाव मी कागदावर केव्हाच बसवून ठेवलंय,” ती आज सकाळीच म्हणाली होती. “मधला तो ‘झ’ मोठा त्रासाचा. पण या वेळी काढणारच. पुढच्या वर्षी तू असशील ॲडलेडला लेकीच्या घरी नातवंडं खेळवत.”

हे मात्र खरं होतं. घर विकलं गेलं होतं. क्लेमची ही शेवटची स्पर्धा होती आणि फळ्यावर नाव लागावं असं त्याला फार वाटत होतं. तोंडाने तो कधी बोलला नाही, पण आदल्या आठवड्यात फळ्याखालून जाताना तो दर वेळी रेंगाळला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्याने प्रोसेसरच्या पाठीवर उष्णता वाहून नेणारी वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली, वर आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा दाबला आणि चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. शेजारच्या टेबलावरचा दार्को वुक्सान हे सगळं डोळे बारीक करून बघत होता. दार्को खाणीत इलेक्ट्रिशियन. गेल्या दोन वर्षांचा विजेता तोच.

“म्हाताऱ्या, बर्फ घेऊन सहलीला निघालास की स्पर्धेला?”

“दोन्हीकडे. तुझे पंखे काय करतायत? भट्टीला वारा घालतायत?”

“घालू देत. हरलास की त्याच वाऱ्यात तुझे डोळे सुकव.”

गणितं सुरू झाली. क्लेमने वेग एक पायरी वाढवला, थांबला, पडद्यावरचा तापमानाचा आकडा निरखला, मग आणखी एक पायरी. घाई नाही. आकडा साठीच्या आसपास येऊन तिथेच बसला. दार्कोचा नव्वदीच्या पुढे जाऊन धापा टाकत होता. दार्कोने वेग उतरवला, पुन्हा चढवला आणि सर्बियनमध्ये काहीतरी पुटपुटला. ते काही आशीर्वाद नव्हते. या वर्षी फळ्यावर कोणाचं नाव लागणार, हे हॉलमधल्या प्रत्येकाला दिसत होतं.

क्लेमने आनंदाने वळून पाहिलं, तर व्हाल्डाचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता. वारा घ्यायला हातात धरलेलं वर्तमानपत्र हलायचं थांबलं होतं.

“बाहेर गाडीत बसतेस का? एसी लावून देतो.”

“गप रे. इतकी वर्षं वाट पाहिली ती काय गाडीत बसायला? तुझं काम बघ.”

पलीकडून टालिया आली. क्लबची ही नवी सेक्रेटरी याच वर्षी बाहेरगावाहून आलेली. तिने व्हाल्डाकडे एकदा पाहिलं आणि कोणालाही न विचारता सरळ भिंतीशी जाऊन बटण दाबलं. छतावर पंख्याने घरघर केली, ओल्या लाकूडतासाचा वास आला आणि थंड वारा हॉलभर पसरला. सगळ्यांनी नकळत माना मागे टाकल्या. नियमाची आठवण कोणाला आलीही असेल, पण त्या वाऱ्यात ती फार वेळ टिकली नाही. दार्कोचा आकडा झरझर खाली आला.

क्लेमचं लक्ष मात्र नळीकडे गेलं. ब्रोकन हिलची हवा इतकी कोरडी की बर्फाच्या पाण्याची नळीही बाहेरून खडखडीत राहते. त्याची सगळी युक्ती त्या कोरडेपणावरच उभी होती. आणि कूलर हवा थंड करतो ती तिला पाणी पाजून. बघता बघता नळीवर धुकं धरलं, धुक्याचे थेंब झाले. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा ठोकळ्याला घाम फुटला. त्याच्याखाली उघडा बोर्ड, त्यात वीज खेळतेय. एक थेंब ओघळला की संपलं.

त्याने फडक्याने नळी पुसली. ती पुन्हा ओली झाली.

आता फक्त तोंड उघडायचं होतं. “हरकत आहे,” एवढे दोन शब्द. कोणी वाईट मानलं नसतं, नियमच होता. कूलर बंद झाला असता, हॉल पुन्हा भट्टी झाला असता, आणि तासाभरात तो जिंकला असता. क्लेमने व्हाल्डाकडे पाहिलं. तिने ब्लाउजचं वरचं बटण सोडून डोळे मिटले होते. चेहऱ्यावरची लाली ओसरत होती. या बाईला उठून बाहेर जा म्हटलं तर ती जाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती त्याचं नाव लागताना बघायला आली होती. कूलर बंद केला तर तशीच बसून राहील.

त्याने वेग पायरी पायरीने खाली आणला. मग पेटी उघडली, बर्फाची पिशवी उचलली आणि टालियाच्या हातात दिली.

“सरबतात टाक. सगळ्यांना दे.”

“अहो, पण तुमच्या मशीनला नको का?”

“त्याला सर्दी होतेय,” क्लेम म्हणाला. “पहिला ग्लास व्हाल्डाला.”

पेटीतल्या पाण्यात त्याने स्वयंपाकघरातून आणलेलं कोमट पाणी ओतलं. नळ्यांचा गारवा गेला, तशा त्या वाळल्या. यंत्र बिचारं शेवटपर्यंत इमानाने चाललं, एकही चूक न करता. पण त्या कमी वेगाने. दार्को पहिला आला. क्लेम दुसराही आला नाही, चौथा आला.

दार्कोने हात पुढे केला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची एकही खूण नव्हती. नळ्यांवरचं पाणी त्याने पाहिलं होतं.

“हरकत घे ना, मूर्खा! मी घेऊ का? मी घेतो.”

“तू गप्प बस. जिंकलास, तर नीट जिंक.”

“असा जिंकलो तर मला झोप लागेल का?”

“पंखे आहेत की तुझ्याकडे इतके. एक उशाशी लाव.”

एवढं बोलून क्लेम आपल्या नळ्या गुंडाळायला लागला. त्याला वाईट वाटलं नाही असं कोणी म्हणेल तर ते खोटं. गुंडाळताना त्याने फळ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पण मला विचाराल तर त्या हॉलमध्ये इतकी वर्षं प्रोसेसर पळवले गेले, त्यात त्या दुपारी हळू चाललेल्या त्या एका यंत्राएवढं देखणं दुसरं काही घडलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी व्हाल्डा शिडीवर उभी राहून दार्कोचं नाव रंगवत होती. क्लेम ॲडलेडला निघण्याआधी कूलरचे पॅड बदलून द्यायला आला होता. तो दारातून आत आला तशी ती मागे न वळता म्हणाली, “दार्कोने सगळं सांगितलं मला.”

“त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

“मला का नाही सांगितलंस? मी बाहेर जाऊन बसले असते.”

“नसतीस बसली.”

ब्रश थांबला. “नसते बसले,” ती म्हणाली. मग ब्रश पुन्हा रंगात बुडवत म्हणाली, “तो ‘झ’ मला काढायचा होता रे.”

क्लेमने नवे पॅड काखेत मारले आणि तो मागच्या शिडीने छतावर गेला. पत्रा इतका तापला होता की गुडघे टेकवेनात. त्याने गोणपाट अंथरलं, जुने पॅड उपसून काढले, तोटीतली माती पुसली, नवे पॅड कडेपर्यंत नीट दाबून बसवले आणि पाणी सोडलं. कोरडं लाकूडतास वरून खाली हळूहळू गडद होत गेलं. एक कोपरा कोरडा राहत होता. त्याने बोटाने पाण्याला तिकडे वाट करून दिली आणि तोही भिजेपर्यंत तो तिथेच उन्हात बसून राहिला.

मग त्याने कूलरवरच्याच बटणाने पंखा सुरू केला आणि पत्र्यावर ओणवा होऊन ओरडला, “लागतोय का वारा?”

“लागतोय!” खालून व्हाल्डाचा आवाज आला.