तेरा नवे पैसे

“शिकायला म्हणून पोर पाठवली, आणि तुम्ही तिला वाणीण करून ठेवलीत,” असं म्हणत जाईबाईने नातीचं मनगट धरूनच उंबरा ओलांडला.

लालबागच्या त्या चाळीत, तळमजल्याच्या खोलीत, सुनेत्राबाई संध्याकाळी पोरांचा वर्ग घेत. सतरंजीवर आज दुकान मांडलेलं होतं. चिंचोके, रिकाम्या आगपेट्या, कागदाच्या पुड्या. गल्ल्यात मात्र खरी नाणी, नुकती निघालेली, नव्या पैशांची, बाईंच्या पगारातली. गिऱ्हाईकाने बोट दाखवायचं नाही, असा नियम. काय हवं, किती हवं, केवढ्याला, ते पुऱ्या वाक्यात मागायचं. भाव पाडायचा तर कारण द्यायचं. मोड, नग, वजन, बाकी असले शब्द पोरं आता खेळातल्या गोट्यांसारखे उडवत होती.

“ही बोलते का हो इथे?”

“अजून नाही,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “पण ऐकते.”

“ऐकते तर भिंतसुद्धा.”

मालन आठ वर्षांची. घरात चिमणीसारखी चिवचिव, परक्यासमोर ओठ शिवलेले. कोणी नाव विचारलं तर आजी सांगणार, भूक लागली का विचारलं तरी आजीच. आजीचा गळा सगळ्या गिरणगावाला ठाऊक. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात बायकांची फळी तिच्या आवाजावर पाऊल टाकायची. पण जिन्यात कोणी नातीला ‘मुकी’ म्हटलं, की त्या रात्री जाईबाईच्या घशाखाली घास उतरत नसे.

“चार महिने झाले. एक शब्द फुटला नाही. उद्यापासून येणार नाही ती.”

“आजी, दिवाळीपर्यंत तरी ठेवा.”

“नको. चुलीपाशी बसून भाकऱ्या शिकेल. त्याला तोंड लागत नाही.”

मालनने एकदा सतरंजीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

कोपऱ्यावर नानाचं दुकान. जाईबाईने दोन आण्यांचा गूळ मागितला, बटव्यातली पावली काढून फळीवर ठेवली आणि हात पुढे केला. नवे पैसे आल्यापासून चाळीत कोणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट ही, की हीच जाईबाई वाण्यापुढे गप्प असायची. हिशेब विचारला तर आपल्याला कळत नाही हे उघडं पडेल. त्यापेक्षा येईल ते मुठीत घ्यावं आणि ताठ मानेने निघावं.

आज नानाने चौकोनी नाणं हातावर ठेवलं तेव्हा तिला हायसं वाटलं. चौकोनी म्हणजे दोन आण्यांची चवली. चार आण्यांतले दोन गेले, दोन राहिले. चोख.

“चल गो.”

मालनचे पाय हलेनात.

“नाना, हे पाच पैशांचं आहे.”

नाना डाळ तोलत होता. कोण बोललं म्हणून त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं.

“पावलीचे पंचवीस नवे पैसे,” मालन म्हणाली. आवाज सुतासारखा बारीक, पण तुटत नव्हता. “दोन आण्यांचे बारा. आजीला तेरा परत यायला हवेत. तुम्ही पाच दिलेत, अजून आठ द्या.” तिने श्वास घेतला. कारण द्यायचं राहिलं होतं. “जुनी चवलीपण चौकोनीच असते. म्हणून घोटाळा होतो. कोणाचाही होतो.”

ते ‘कोणाचाही’ जाईबाईला नेमकं लागलं, जिथे लागायचं तिथे. पोरीने भर रस्त्यात आजीची अब्रू पदराखाली घेतली होती. हजार गळ्यांनी आभाळ दणाणताना तिने ऐकलं होतं. तेव्हा असा अंगावर काटा आला नव्हता. मनगटावरची तिची पकड कधी सुटली, तिलाच कळलं नाही.

नानाने आणखी तीन नाणी मोजून ठेवली. मग म्हणाला, “जाईबाय, हिला वाचा आहे?”

जाईबाईने सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं. ती वाट पाहत राहिली.

“आहे,” मालन म्हणाली.

गूळ तसाच हातात धरून जाईबाई मागे वळली. पोर पुढे, आजी मागे. वर्ग सुटायच्या बेतात होता. तिला पुन्हा दारात बघून सुनेत्राबाई उठून उभ्या राहिल्या. मालन कोणाला न विचारता सतरंजीवर आपल्या जागी जाऊन बसली.

“बाई, तुमच्या शिकवण्यात एक खोट आहे,” जाईबाई म्हणाली.

“कुठली, आजी?”

“आवाज फार बारीक शिकवता. वाण्याशी बोलायचं ते समोरच्या चाळीत ऐकू गेलं पाहिजे. तेवढं उद्यापासून मी येऊन शिकवीन. आणि मी येईन तेव्हा ती नाणी जरा मांडून ठेवा. बघीन म्हणते, सावकाश.”