सर्जेरावची लास्ट पोस्ट

"फुस्स," मुनीर म्हणाला. "हवा गेली सगळी. हर्णैला आमच्या बापाच्या बोटीवर भोंगा होता, तो पण यापेक्षा बरा वाजायचा."

"गप बस. परत घेतो."

"घ्या. पण पंप सुरू व्हायच्या आत घ्या. मग तुमचं तुम्हालाच ऐकू यायचं नाही."

हवालदारांनी ओठ पुसले आणि बिगुल पुन्हा वर उचलला. खालचे सूर आले. कडेने वारा सांडत आले, पण आले. सगळ्यात वरचा सूर मात्र आला नाही. तिथे कुकरची वाफ सुटावी तसा आवाज झाला आणि पंपांच्या पाइपांमध्ये विरून गेला.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका स्टाफ अकोमोडेशनच्या तळघरातली ही पंपरूम. हणमंत फडतरे या इमारतीत अठरा वर्षं सिक्युरिटीत होते, त्यातली शेवटची सात सुपरवायझर म्हणून. पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झाले तो हुद्दा त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून आला होता. मेसचा मोठा आचारी मुनीर असो की चौथ्या मजल्यावरचे नेपाळी वेल्डर, सगळे त्यांना हवालदारच म्हणत. साठी पूर्ण झाली म्हणून कंपनीने या वेळी व्हिसा वाढवला नव्हता. डिसेंबरच्या दहा तारखेचं तिकीट आलं होतं. त्याआधी एकच काम उरलं होतं, आणि ते कंपनीचं नव्हतं.

शहराबाहेर, गोदामांच्या मागे, एक लहानसं जुनं ब्रिटिश सैनिकी कब्रस्तान होतं. तीनेक डझन दगड. पुढच्या रांगेत नावाजलेली माणसं: एक ब्रिगेडियर, एक विंग कमांडर, दोन कर्नल. त्यांच्या दगडांशेजारी पितळी पाट्या, पाट्यांवर त्यांच्या मोहिमा. मागच्या रांगेत एक खानसामा, एक वायरलेसवाला, काही शिपाई, आणि ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही असा एक. दरवर्षी नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी तिथे कार्यक्रम होई. वकिलातीतले लोक येत, पुष्पचक्रं ठेवत, आणि लास्ट पोस्ट, मेलेल्या सैनिकाला निरोप देणारी बिगुलाची धून, वाजे. नऊ वर्षं ती हणमंत फडतरेच वाजवत आले होते.

तीन आठवड्यांपूर्वी शिळं खुबूस, इथली चपटी रोटी, दाताने तोडताना वरचा पुढचा दात हलला. डॉक्टरने तो काढला आणि त्याच्या शेजारचाही टिकणार नाही म्हणून तोही काढला. जेवायला आणि बोलायला म्हणून गुलाबी प्लास्टिकवर बसवलेले दोन दात दिले.

"फुंकायला चालतील का?" हवालदारांनी विचारलं होतं.

डॉक्टर केरळची मुलगी होती. तिला वाटलं हवालदार चुलीविषयी विचारताहेत. बिगुल म्हटल्यावर ती गंभीर झाली. "सहा महिने हाड भरू द्या. मग स्क्रू बसवू. तोवर नाही, अंकल."

बिगुलाला पडदे नसतात, कळा नसतात. सूर ओठांनीच काढायचे, आणि ओठांना मागून टेकू लागतो तो याच दोन दातांचा. पलटणीतले उस्ताद सांगायचे, सैनिकाची बोटं जपावीत आणि बिगुलरचे दात. हवालदारांनी चाळीस वर्षं अक्रोड दाताने फोडला नव्हता. शेवटी घात केला खुबूसने.

शुक्रवारी ते अल बर्शाला मुलीकडे जेवायला गेले. ईश्वरीने पुरणपोळी केली होती, बाबांना चावायला सोपी म्हणून. सात वर्षांच्या शुभ्राने आजोबांच्या तोंडात डोकावून पाहिलं, मग आपले पडलेले दात दाखवले.

"सेम सेम, आजोबा! डिड द टूथ फेअरी कम?"

"ती कोण?"

"बाबा, तिकडे लक्ष देऊ नका," ईश्वरी म्हणाली. "आणि त्या कार्यक्रमवाल्या परेशला फोन करून सांगून टाका ना सरळ. नाही जमणार म्हणून. एवढं काय त्यात?"

"जमेल."

"कसं जमेल? डॉक्टर नाही म्हणाली."

"डॉक्टरला काय कळतंय बिगुलातलं," हवालदार म्हणाले आणि पोळीवर तूप ओढून घेतलं. शुभ्रा म्हणाली, "आय कॅन स्टिल व्हिसल," आणि तिने शिट्टी वाजवून दाखवली. खणखणीत वाजली. हवालदार तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

शनिवारी संध्याकाळी कब्रस्तानात रंगीत तालीम होती. कार्यक्रमाचं कंत्राट परेशच्या कंपनीकडे होतं. परेश घाटकोपरचा, वय तीस, कानात सदैव एक इअरफोन. त्याने गवतावर निळ्या चिकटपट्टीची फुली मारून ठेवली होती.

"अंकल, धिस इज युअर पोझिशन. गेल्या वर्षी तुम्ही मागे कोपऱ्यात जाऊन उभे राहिलात, कॅमेऱ्यात आलाच नाहीत."

"बिगुलर दिसायचा नसतो," हवालदार म्हणाले. "ऐकू यायचा असतो."

"ओके, पण क्लायंटला दिसायला हवाय. यल्ला, चला, एकदा घेऊया."

हवालदारांनी प्लास्टिकचे दात काढून रुमालात ठेवले, पाठ ताठ केली आणि वाजवलं. पुढच्या रांगेला पाणी घालणारा माळी, पाकिस्तानातल्या स्वातचा गुल जमान, पाइप हातात धरून ऐकत होता. तो नेहमी पुढच्या रांगेपासून सुरुवात करी. मागे पोहोचेपर्यंत टाकीतलं पाणी बहुतेक संपलेलं असे, त्यामुळे साहेब लोकांभोवतीचं गवत हिरवं होतं आणि मागचं पिवळं.

वरचा सूर पहिल्यांदा फुटला. दुसऱ्यांदा आलाच नाही.

परेशने इअरफोन काढला. तो ओरडला नाही, आणि हवालदारांना तेच जास्त लागलं. त्याने बॅगेतून मुठीएवढी काळी डबी काढली.

"मला ईश्वरीताईंचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणून हे मागवून ठेवलं. हे बिगुलाच्या पुढच्या रुंद तोंडात आत बसतं, बाहेरून दिसत नाही. बटन दाबलं की पाच सेकंदांनी लास्ट पोस्ट सुरू होते. एकदम परफेक्ट. तुम्ही फक्त ओठांना लावून उभं राहायचं."

"म्हणजे नाटक."

"अंकल, अमेरिकेत पण वापरतात. बिगुलर कुठे राहिलेत आता? उद्या सूर फुटला तर लोकांना वाईट वाटेल. त्या ब्रिगेडियरची मुलगी ऐंशी वर्षांची आहे, एवढ्या लांबून येते. तिच्या वडिलांसाठी करा."

हवालदारांनी डबी हातात घेतली. वजनाने हलकी होती. "बघतो," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मुनीर शेजारी होता. मेसला सुट्टी टाकून तो तालमीला आला होता, कारण पंपरूममध्ये आठ दिवस ऐकून त्यालाही शेवट काय होतो ते बघायचं होतं.

"वाजू दे की मशीन," तो म्हणाला. "तुमची काय जहागीर जाणारेय? ते गोरे साहेब कोण तुमचे? सोयरे?"

"त्यांच्यासाठी नाही वाजवत मी."

"मग?"

बस शेख झायेद रोडला लागली.

"सर्जेराव म्हणून होता एक," ते म्हणाले. "माझ्याच भरतीतला. माण तालुक्यातला, आमच्यापासून सात मैलांवर गाव. बराकीत खाट माझ्या शेजारी. पहाटे मी उठवणीचा बिगुल फुंकला की पहिली शिवी त्याची. म्हणायचा, फडतऱ्या, मी मरीन त्या दिवशी तरी झोपू दे मला. आणि मग म्हणायचा, पण त्या दिवशी फुंकायचं तूच हां. दुसऱ्या कुणाची थुंकी नको माझ्यावर."

मुनीर हसला. मग हवालदार हसत नाहीत हे बघून थांबला.

"नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिलला वर डोंगरात गेला. पेटी गावी निघाली तेव्हा मी छावणीत होतो. रजा मागितली. मंजूर झाली. बॅग भरली, बिगुल पुसला. तेवढ्यात हुकूम आला. एक जुने जनरलसाहेब वारले होते, नव्वदीचे. मोठा माणूस, लढाई जिंकलेला. ख्रिश्चन होते. तोफगाडीवरून सैनिकी कबरस्तानात नेणार, दिल्लीहून लोक येणार. बिगुल मेजर म्हणाले, फडतरे जाईल, त्याचा सूर फुटत नाही."

"मग?"

"मग काय? नाही फुटला. असं वाजलं की तिथला एक कर्नल म्हणाला, पोरा, नाव सांग तुझं. जनरलसाहेबांना मान मिळायलाच पाहिजे होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच दिवशी, त्याच वेळेला, सर्जेरावला अग्नी दिला. गावात बिगुलर पोचला नाही. कुणीतरी कॅसेट आणली आणि देवळाच्या भोंग्यावर लावली. कॅसेट मध्येच अडकली. वरचा सूर यायच्या आधीच."

बसमध्ये कुणीतरी मोबाइलवर क्रिकेट बघत होतं. हवालदार आवाज न चढवता पुढे बोलले.

"महिन्याने गेलो. त्याच्या आईने चहा केला. निघताना फक्त म्हणाली, तू असतास तर बरं झालं असतं. पंचवीस वर्षं झाली. इथे ही संधी मिळाली, नऊ वेळा वाजवली, दर वेळी मागच्या रांगेत त्या बिननावाच्या दगडाकडे तोंड करून. लोकांना वाटतं ब्रिगेडियरसाठी. आता गावी गेल्यावर कुठे वाजवणार? तिथे बिगुल काढला तर लोक म्हणतील म्हातारा चळला."

मुनीरने खिशातून वेलदोडा काढून त्यांना दिला.

रविवारी सात वाजता हवालदार फुलीवर उभे होते. निळा ब्लेझर, छातीवर पदकं, डोक्यावर पलटणीची टोपी. डबी बिगुलात बसवलेली होती. खुर्च्या भरल्या. निवेदकाने पुढच्या रांगेतल्यांची चरित्रं वाचली: कुणी वाळवंटात पहिली विमानपट्टी आखली, कुणी कोणत्या किल्ल्यापाशी किती दिवस टिकाव धरला. मागच्या रांगेपर्यंत कागद पोचला नाही. ब्रिगेडियरची मुलगी पहिल्या खुर्चीत होती, मांडीवर काठी आडवी ठेवून.

परेशने दुरून अंगठा वर केला.

हवालदारांनी बटन दाबलं. पाच सेकंद. या पाच सेकंदांत बिगुल ओठांपर्यंत न्यायचा होता. चाळीस वर्षांची सवय असलेला हात उचलला गेला, छातीपर्यंत आला, आणि तिथेच थांबला. हवालदारांनी तो पुढे नेला नाही. बिगुल ओठांपासून वीतभर लांब, सरळ धरलेला, आणि त्यातून लास्ट पोस्ट वाजू लागली. स्वच्छ, एकही सूर न चुकता. हवालदारांचे ओठ मिटलेले होते, नजर समोर होती. सगळ्यांना दिसत होतं.

मागच्या खुर्च्यांत कुजबुज झाली. एका पोराने मोबाइल वर केला. परेशने कपाळावर हात मारला. वरचा सूर आला तेव्हा हवालदारांच्या गालाचा स्नायू हलला, बस.

कार्यक्रमानंतर परेश जवळ आला. "अंकल, फक्त ओठांना लावायचं होतं! तेवढंच!"

"तेवढंच नाही लावलं," हवालदार म्हणाले. "बाकी सगळं केलं." डबी काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवली.

म्हातारी काठी टेकत आली. इंग्रजीत म्हणाली, मी सहा वर्षं तुमचं ऐकलंय, आजचं तुमचं नव्हतं. हवालदारांनी रुमाल सोडून तिला ते गुलाबी प्लास्टिकचे दात दाखवले. "टीथ, मॅडम. सॉरी." तिने दात पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिलं. खोटं वाजवलं नाहीत त्याबद्दल थँक यू, एवढं म्हणाली आणि गाडीकडे गेली.

नऊपर्यंत खुर्च्यांचा ट्रक निघून गेला. परेशही गेला, जाताना "गावी सुखरूप पोचा, अंकल," म्हणून पाया पडून गेला. मुनीर थर्मासमधला चहा ओतत होता. ऊन चढलं होतं. गुल जमान पुढच्या रांगेत पाइप घेऊन उभा होता.

हवालदार चहा न घेता मागच्या रांगेकडे चालत गेले, पिवळ्या गवतातून, बिननावाच्या दगडापर्यंत. टोपी सरळ केली. रुमाल खिशात ठेवला.

"हवालदार, ऊन आहे," मुनीर म्हणाला.

सुरुवात जड झाली. सुरांच्या कडेने वारा सांडत होता, पंपरूममध्ये सांडत होता तसाच. पण ते घाई न करता, उस्तादांनी शिकवलं होतं तसं, एकेक पायरी चढत गेले. मुनीर थर्मास खाली ठेवून उभा राहिला. सावधान म्हणजे नेमकं कसं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून नमाजाला उभा राहतो तसा हात बांधून राहिला. वरच्या सुराची जागा आली. हवालदारांनी छाती भरली, ओठ आवळले, फुंकलं. काही आलं नाही. नुसता श्वास.

त्यांनी बिगुल खाली घेतला नाही. जेवढा वेळ तो सूर टिकायला हवा होता, तेवढा वेळ ते तसेच, बिगुल ओठांना लावून उभे राहिले. मग पुढच्या सुरावर उतरले आणि शेवटापर्यंत गेले.

पाण्याचा आवाज केव्हा थांबला होता ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गुल जमान पाइप दुमडून, मुठीत दाबून उभा होता.

"किसके लिए था, हवलदार साहब?" त्याने लांबूनच विचारलं.

"दोस्त था."

"यहीं का?"

"नहीं. गाँव का. उधर ऊपर पहाड़ में गया था, निन्यानबे में."

गुल जमानने मान हलवली. हवालदारांनी बिगुल उलटा करून आतलं पाणी झटकलं, मऊ फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. मुनीरने चहाचा कागदी कप पुढे केला. चहा कोमट झाला होता. दोघांनी उभ्या-उभ्याच घेतला.

फाटकापाशी पोचल्यावर हवालदारांनी एकदा मागे वळून पाहिलं. गुल जमान पाइप ओढत कब्रस्तानाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. आज त्याने मागच्या रांगेपासून पाणी घालायला सुरुवात केली होती.