विशाखा मॅडमने बंद केलेली पुडी

लातुरात बायोलॉजीचे क्लास घेणारे पन्नास असतील, पण टी पेशी शिकाव्यात त्या विशाखा मॅडमकडेच, असं पोरं म्हणायची. मॅडमलाही ते ठाऊक होतं, आणि त्याचा थोडा ताठा अंगात मुरला होता. बारा वर्षं तोच धडा शिकवून जंतूंशी लढणाऱ्या या रक्तातल्या पेशी तिला घरच्या माणसांसारख्या झाल्या होत्या. अशा बाईची आई मलेरियाने नांदेडच्या दवाखान्यात पडली, यात कुणाचा दोष नव्हता. दोष पुढे घडला.

तिची आई कोंडाबाई किनवटकडे बहिणीच्या घरी महिनाभर राहून मुखेडला परतली ती अंगात थंडी घेऊनच. विशाखाच्या बापाने, केरबाने, चार दिवस तापाच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी ती बरळायला लागली, तेव्हा म्हाताऱ्याचं धाबं दणाणलं आणि त्याने गाडी करून तिला घेऊन नांदेड गाठलं. विशाखा सकाळच्या एसटीने लातूरहून आली.

वॉर्डातला डॉक्टर उदगीरचा मृत्युंजय निघाला, तिचाच जुना विद्यार्थी. "मॅडम, तुम्ही?" म्हणत तो वाकला आणि नर्सना म्हणाला, "टी पेशी मी यांच्याकडून शिकलोय, बरं का." एवढ्या काळजीतही विशाखाला बरं वाटलं. इंजेक्शन सुरू होतं, कोंडाबाई शुद्धीवर आली होती आणि पाणी मागत होती.

मृत्युंजय पुढच्या खाटेकडे वळला, तसा केरबाने पिशवीतून कागदाची छोटी पुडी काढली.

"हिची गुडघ्याची पुडी ऱ्हायली सकाळची. देऊ का?"

"कसली पुडी, बाबा?"

"मुखेडच्या बाजारात एक जण बसतो. आठ म्हैने झाले, रोज घेऊन राहिली. लई गुण आला. काठी सुटली तिची."

विशाखाने पुडी उलगडली. पांढरी भुकटी. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. गाल भरून आलेले, चेहरा गोल गरगरीत. मागच्या खेपेला विशाखाच कौतुकाने म्हणाली होती, आई, तब्येत सुधारली गं तुझी. आता तिला कळलं. ही सूज होती, स्टेरॉइडने चढते तशी. पुडीत स्टेरॉइड होतं. दुसरं काय असणार?

तिने बापाला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात झापलं. "अहो बाबा, मलेरियाचा जंतू आधी यकृतात लपतो, मग रक्तात उतरतो. त्याला हुडकायचं काम टी पेशींचं. त्यातल्या काही लपलेल्या जागी जाऊन मारतात, काही बाकीच्यांना हाका घालतात, प्लीहेतल्या पेशींना जंतू खायला लावतात. आणि ही पुडी त्या सगळ्यांना आठ महिने झोपवून ठेवतेय. म्हणून ताप एवढा चढला!"

"आता गं?"

"आता बंद. आजपासून एक कण नाही."

उरलेल्या सगळ्या पुड्या तिने संडासात ओतल्या आणि दोनदा पाणी सोडलं.

संध्याकाळच्या राउंडला मृत्युंजयने विचारलं, "आधीचं काही औषध चालू होतं का? गुडघ्याच्या पुड्या, झाडपाला?" मागे दोन शिकाऊ पोरी वह्या घेऊन उभ्या. टी पेशीवाल्या मॅडमची आई बाजारातली पुडी खाते, हे त्यांच्यापुढे कसं सांगायचं? आणि पुडी तर बंद केली होती.

"नाही," विशाखा म्हणाली. "तसलं काही नाही."

केरबा लेकीच्या तोंडाकडे बघत राहिला. शिकलेली पोर म्हणते ते खरं, असं मानायची त्याला सवयच होती.

दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाईला उलट्या सुरू झाल्या. हातपाय गार पडले. दुपारी बीपी सत्तरवर आलं, साखर उतरली. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या गेल्या, तरी नाडी हाताला लागेना. विशाखा आईचे तळवे चोळत होती आणि मनात टी पेशींना विनवत होती, उठा गं, आता तरी उठा. आपण काय बडबडतोय, हे तिला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं.

मृत्युंजय रक्ताचा रिपोर्ट घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, जंतू जवळपास गेलेत. औषध लागू पडलंय. मग बीपी का पडतंय, मला कळेना झालंय."

 जंतू गेले होते आणि आई चालली होती.

केरबा पुटपुटला, "पुडी बंद केल्यापास्नं..."

"बाबा, गप्प बसा!"

"काय गप बसा!" म्हातारा पहिल्यांदाच लेकीवर ओरडला. "माजी बायको मरून राहिली हितं!"

सगळा वॉर्ड वळून बघू लागला. विशाखाने मृत्युंजयचा हात धरला. "मी खोटं बोलले. आई आठ महिने स्टेरॉइडची पुडी घेत होती. मी परवा फेकून दिली. टी पेशी जाग्या व्हाव्यात म्हणून."

"एकदम बंद केली?"

"एकदम."

त्याने नर्सला हाक मारून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडच, भरायला सांगितलं. इंजेक्शन शिरेत जाता जाता तो भराभर बोलत होता. "शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवतं, मॅडम. बाहेरून रोज मिळालं की बनवायचं सोडून देतं. आजारपणात तर ते जास्तच लागतं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही..."

"पण तू परत तेच देतोयस. मग टी पेशींचं काय?"

"जंतू औषधाने मेलेत. आता आधी बीपी."

विशाखा भिंतीला टेकून खाली बसली. एवढा मोठा धडा तिला तोंडपाठ होता, आणि त्यात आईला वाचवायला लागणारं एक वाक्य नव्हतं. ते तिने कधी वाचलंच नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याला सांगायची तिला लाज वाटली होती.  केरबा कोंडाबाईच्या उशाशी उभा राहून तिच्या केसांवरून हात फिरवत होता.

सत्तर. बहात्तर. पुन्हा अडुसष्ट. तासाभराने अठ्ठ्याहत्तर. ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा मशीनवर चौऱ्याऐंशी दिसले. मृत्युंजय म्हणाला, "वाढतंय. पण उद्या सकाळपर्यंत मी काही बोलणार नाही."

कोंडाबाईने डोळे किलकिले केले. विशाखा तिच्या तोंडाशी वाकली.

"डाक्टरला सांगितलंस का पुडीचं?"

"हाव, आई. सांगितलं."

"बरं केलंस." कोंडाबाई दम खात बोलली. "परवा त्यानं इचारलं, तवा जागीच होते म्या. सांगनार होते. पर तू न्हाई म्हनलीस. तू शिकविल्या पोरापुढं तुला खोटं कसं पाडू?"