माडीवरचे पोप

चर्चच्या मागच्या गल्लीत शिवणकामाचं एक दुकान होतं. दुकान कसलं, राहत्या घराचीच पुढची खोली. तिथं मशीनवर बसणाऱ्या बाईला सगळे झगेवाली म्हणत, कारण फादरांचे झगे, गाणाऱ्या मंडळींचे अंगरखे, वेदीवरची कापडं असलं सगळं तिच्याच हातून जायचं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातला निम्मा काळ रस्त्यावर. घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंना या वयातही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता यायचा आणि जिभेनं तर कोणालाही ओवता यायचं. काजं-बटणं त्यांच्याकडे होती.

एका सकाळी औषधवाले काका आले. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्यांचं. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हा दुकान मुलीच्या हवाली करून ते वरच्या माडीवर राहायला गेले. तेव्हापासून चर्चमध्ये त्यांचं तोंड दिसलं नव्हतं.

"एक झगा शिवायचाय," काका म्हणाले. "पांढरा, पायघोळ. कमरेला पट्टा. आणि खांद्यांवरून ते आखूड काय येतं ना, तेही."

"झूल," सासूबाई म्हणाल्या.

झगेवालीनं त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि गळ्यातली टेप काढली. "नाटक कधी आहे, काका?"

"नाटक नाही. मलाच घालायचाय." काकांनी टोपी काढून हातात घेतली. "मला निवडलंय. पोप म्हणून."

सासूबाईंची सुई कापडात अर्धी गेली ती तिथंच राहिली. काका थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला चुकीची गोळी दिली नव्हती की फुकटचा विनोद सांगितला नव्हता.

"आणि आहेत त्या पोपचं काय?" झगेवालीनं जपून विचारलं.

"ते नाहीतच, हाच तर मुद्दा आहे. निवडणुकीचे नियम असतात, मी सगळे वाचलेत. या खेपेला एक मोडला. नियम मोडला की निवड रद्द. निवड रद्द म्हणजे गादी रिकामी. आणि गादी रिकामी ठेवून कसं चालेल? म्हणून आम्ही सातजण माझ्या माडीवर जमलो, प्रार्थना केली आणि मतं टाकली."

"पण तुम्हीच का?"

काका जरा घुटमळले. "बाकीच्यांना नोकऱ्या आहेत."

झगेवालीनं मापं घेतली. छाती, खांदा, खांद्यापासून टाचेपर्यंत. दोन वर्षांत काकांचं अंग पार उतरलं होतं, शर्टाच्या कॉलरमध्ये मानेभोवती मूठ जाईल एवढी जागा. पुढच्या आठवड्यात ट्रायलला या असं सांगून तिनं त्यांना वाटेला लावलं आणि मग डोक्याला हात लावून बसली.

"शिवू का नको, आई? हे पाप नाही ना लागणार?"

"आपण माप घेतो, माणूस तोलत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण झूल जरा आखूड कर. वाऱ्यानं उडाली तर बिचारा धडपडायचा."

कापड कापताना मात्र झगेवालीच्या मनात भुंगा शिरला. लहानपणापासून रविवारच्या उपासनेत, मिस्सेत, पोपचं नाव ऐकत आली होती, त्यांच्यासाठी प्रार्थना करत आली होती. ते खरे आहेत हे तिला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी फादर आले. या चर्चमध्ये ते वर्षभरापूर्वी आले तेव्हा काडीसारखे होते, पण घरोघरच्या आग्रहाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे आणि त्याचा परिणाम आता काळ्या झग्याच्या शिवणींवर दिसत होता. हात पसरून ते आरशासमोर उभे राहिले.

"श्वास रोखू नका, फादर. पोट आत ओढून माप दिलंत तर तुम्ही फसाल, झगा फसणार नाही."

फादरांनी निमूटपणे पोट सोडलं.

"एक विचारू? खरा पोप कोण, हे आपल्याला कळतं कसं?"

"औषधवाले काका येऊन गेले वाटतं."

"माझ्याकडे कोण काय शिवतं हे मी कोणाला सांगत नाही."

"नका सांगू." फादर आरशात बघून हसले. "मी इथं आलो तेव्हा माझं नेमणुकीचं पत्र पाहिलंत का तुम्ही?"

"मी कशाला पाहू?"

"मग मला फादर का म्हणायला लागलात? झगा काय, तुमच्याकडून कोणीही शिवून घेईल."

झगेवालीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती म्हणाली, "आधीच्या फादरांनी स्वतः तुम्हाला वेदीपाशी आणलं. बिशपसाहेब बाजूला उभे होते. चर्च खच्चून भरलं होतं, कोणी हूं की चूं केलं नाही."

"तसंच आहे ते. पोप निवडणारे कार्डिनल बंद दाराआड मतं देतात. आत काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही, मीही नाही. ज्याला निवडलं तो हो म्हणतो, बाहेर येतो, आणि जगभरचे बिशप आपापल्या माणसांसकट त्याला आपला म्हणतात. अख्ख्या चर्चनं असं शांतपणे, एकमुखानं मानलं, की विषय मिटला. मग आतल्या फटी हुडकत बसायचं नाही."

"म्हणजे लोकांनी मानलं म्हणून तो पोप होतो?"

"नाही, इथंच घोळ होतो. ताप उतरला म्हणून औषध लागू पडतं का? औषध लागू पडलं, हे ताप उतरल्यावरून आपल्याला कळतं. तसं हे. तो पोप असतोच, सगळ्यांच्या मानण्यावरून ते कळतं. प्रभूनं शब्द दिलाय, मी तुमच्याबरोबर राहीन म्हणून. सगळंच्या सगळं चर्च भलत्याच माणसाला आपलं मस्तक समजून त्याच्या मागे गेलं, तर तो शब्दच खोटा पडेल. मला तो खोटा वाटत नाही, म्हणून मी निवांत झोपतो."

"आणि सगळ्यांनी मानलंच नाही तर?"

"तेही होऊन गेलंय. कित्येक शतकांपूर्वी एकाच वेळी आधी दोघं आणि मग तिघं स्वतःला पोप म्हणवत होते. राजे वाटले गेले, बिशप वाटले गेले. पुढे संत ठरलेली माणसंसुद्धा एका बाजूला नव्हती. शेवटी सगळे एकत्र बसले, गुंता सोडवला आणि सगळ्यांना मान्य होईल असा एकजण निवडला. मधल्या काळात जी माणसं प्रामाणिकपणे चुकली, त्यांना देवानं दारातून परत पाठवलं असेल असं मला वाटत नाही."

"मग काकांनासुद्धा—" झगेवालीनं जीभ चावली.

"मी काही ऐकलं नाही," फादर म्हणाले. "हात खाली घेऊ का?"

ट्रायलच्या दिवशी काका वेळेवर हजर झाले. कच्च्या शिलाईचा पांढरा झगा अंगात घालून ते आरशासमोर उभे राहिले आणि स्वतःकडे बघतच राहिले. झगेवालीला वाटलं, खूश झाले. पण काकांचा चेहरा परक्याच्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखा झाला होता.

"काका, एवढा वाचायचा नाद लागला कधी तुम्हाला?" खालची पट्टी टाचता टाचता तिनं विचारलं.

"ही गेली त्यानंतर." काका आरशातल्या माणसालाच सांगत असल्यासारखे बोलू लागले. "तिच्या अंत्यविधीला त्या वेळच्या फादरांनी नाव चुकीचं घेतलं. एकदा नाही, प्रत्येक वेळी. शवपेटी समोर, आणि ते दुसऱ्याच कोणा बाईसाठी प्रार्थना करत होते. चाळीस वर्षं ती त्या चर्चची फुलं सजवायची. घरी आलो आणि वाटलं, ज्या माणसाला हे नाव कळत नाही तो फादर कसला? त्याला नेमणारा बिशप तरी कसला? आणि बिशपला नेमणारा..."

"पोप तरी कसला," झगेवालीनं वाक्य पुरं केलं.

"मग वाचत सुटलो. वाचलं की सापडतंच काहीतरी."

कोपऱ्यातल्या सासूबाई उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या संध्याकाळी झगेवाली डोकेदुखीची गोळी घ्यायचं निमित्त करून औषधाच्या दुकानात गेली. काकांची मुलगी काउंटरमागे होती, वरच्या माडीचा विषय निघाला की तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. झग्याबद्दल झगेवाली काही बोलली नाही. फक्त नावाची गोष्ट सांगितली.

मुलगी गोळ्यांची पट्टी हातात धरून उभी राहिली. "मला वाटलं होतं, फक्त माझ्याच कानाला ते टोचलं," ती म्हणाली. "मी बाबांकडे कधी बोलले नाही. त्यांना आणखी त्रास नको म्हणून. आणि ते मला नको म्हणून बोलले नसतील."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून ती फादरांकडे जाऊन आली.

झग्याला शेवटचा हात फिरवायचा तेवढा राहिला होता, तोच काका पुन्हा आले. ठरल्या दिवसाच्या आधीच. स्टुलावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"मास्तरांनी मला काढलं," ते म्हणाले. मास्तर म्हणजे त्या सातांतले निवृत्त गणितशिक्षक.

"पोपला कोणी काढतं का?" सासूबाई म्हणाल्या.

"काढलं म्हणजे, मी नव्हतोच असं सिद्ध केलं. माझ्या चुलतभावाला ऐकू कमी येतं. त्यानं मला मत दिलं खरं, पण त्याला वाटलं आम्ही खजिनदार निवडतोय. म्हणजे एक मत बाद. मत बाद म्हणजे निवड रद्द. आता मास्तर स्वतः उभे राहणार म्हणतात. दोघं त्यांच्या बाजूला गेले, दोघं रागावून घरी गेले, आणि चुलतभाऊ विचारतोय की मग खजिनदार कोण."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. झगेवाली हसू दाबायला मशीनकडे वळली. आणि मग तिच्या कानावर तिसरंच हसू आलं. काका हसत होते, आधी नाकातून, मग खांदे हलवत.

"नियमानं बघितलं तर मास्तरांचं बरोबर आहे," डोळे पुसत ते म्हणाले. "तीच तर पंचाईत. मीही दोन वर्षं हेच करत होतो. फटी शोधायच्या ठरवल्या तर माझ्या बाप्तिस्म्यातही सापडतील. मग मी ख्रिस्तीच नाही. मग पोप कोणाचा शोधतोय मी?"

"आता कसं वाटतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"खरं सांगू? हलकं. रात्री उठून बसायचो. सगळ्या जगाच्या चर्चचा भार, आणि मला साधी दुकानाची उधारी वसूल करता आली नाही कधी." त्यांनी गुडघ्यावरची टोपी फिरवली. "मुलगी काल वर आली होती. तिच्या आईच्या नावानं रविवारी मिस्सा आहे म्हणाली. चला म्हणाली."

"मग?"

"जाईन म्हणतो." त्यांची नजर टांगलेल्या झग्यावर गेली. "याचं काय करायचं? कापड चांगलं आहे."

झगेवालीनं झगा मेजावर पसरला. पट्टा बाजूला काढला, झूल बाजूला काढली. कापड खरोखरच चांगलं होतं, पांढरंशुभ्र, दाट विणीचं. तिनं गुडघ्याच्या उंचीवर खडूनं रेघ मारली, पुढं दोन खिसे आखले आणि काकांकडे पाहिलं.

"दुकानात घालायचा कोट होईल," ती म्हणाली. "मुलगी एकटी किती वेळ उभी राहणार?"

काकांनी मान डोलावली. "खिसे खोल ठेव. पेनं पडतात."

रविवारी काका मुलीशेजारी मधल्या ओळीत बसले. झगेवाली आणि सासूबाई त्यांच्या मागेच होत्या, आणि दोघींचं निम्मं लक्ष काकांच्या मानेकडे होतं. मोठी प्रार्थना आली. फादरांनी पोपचं नाव घेतलं, मग बिशपचं. काकांनी गुडघा चोळला, पण जागचे हलले नाहीत. मग मृतांची प्रार्थना आली. फादर क्षणभर थांबले आणि काकूंचं नाव त्यांनी घेतलं, पूर्ण आणि स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. मुलीनं वडिलांच्या हातावर हात ठेवला. काकांचे ओठ हलले, तेच नाव त्यांनी फादरांच्या मागोमाग म्हटलं असावं.

"म्हटलं ना नीट," सासूबाई कुजबुजल्या. "नाहीतर मीच उठून सांगणार होते."

मिस्सा संपल्यावर लोक पायऱ्यांवर घोळक्यानं उभे राहिले. दोन वर्षांनी दिसलेल्या काकांशी काय बोलावं हे कोणाला सुचत नव्हतं, म्हणून जो तो आपापलं दुखणं सांगू लागला. कोणाचा गुडघा, कोणाची ॲसिडिटी. काका गंभीरपणे ऐकत होते आणि सोमवारी दुकानात या म्हणत होते. फादर नव्या, ऐसपैस झग्यात बाहेर आले तेव्हा काकांनी त्यांना गाठलं.

"नाव नीट घेतलंत," काका म्हणाले. "आभारी आहे. पण दुसरं गाणं फार वर लावलं होतं. आणि वाचन करणारा खालमानेनं पुटपुटत होता, मागच्यांना काय ऐकू जाणार?"

"दोन्ही तक्रारी रास्त आहेत," फादर म्हणाले. "पुढच्या रविवारचं वाचन तुम्ही करा."

काकांनी विचार करायला वेळ घेतला. "चष्मा बदलायला झालाय माझा."

"आठवडा आहे हातात," मुलगी म्हणाली, आणि वडिलांना दंडाला धरून दुकानाच्या दिशेनं घेऊन गेली. झगेवाली सासूबाईंची वाट बघत पायरीवर थांबली. त्या अजून फादरांना सांगत होत्या, की हा झगा पुरायला हवा असेल तर आता घरोघरी नाही म्हणायला शिका.