एक रात्र वाहत्या पाण्यात

शुक्रवारी सकाळी आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात डाळीला उकळी फुटत असताना दक्षाने कमळीचा नवा व्हिडिओ उघडला, आणि तिसऱ्या मिनिटाला तिला चूक दिसली.

कमळी तिची चुलत बहीण. गंजाडजवळच्या एकाच पाड्यावर दोघी वाढल्या. रानातला कुठला पाला कधी खुडायचा, कुठला कंद कसा शिजवायचा, हे दक्षाच्या आयेने दोघींना बरोबरच बसवून शिकवलं. शिकली मात्र दक्षाच. कमळी चुलीपाशी बसून निखाऱ्यात काजू भाजून खायची आणि भात लागला की खिदळत पळून जायची. पुढे ती लग्न होऊन तलासरीकडच्या डोंगरातल्या गावात गेली. तिथे तिचा दीर मिथुन याने गंमत म्हणून तिचा भाजी निवडतानाचा एक व्हिडिओ टाकला, आणि दोन वर्षांत 'कमळीची चूल' बघायला ब्याऐंशी हजार माणसं गोळा झाली.

दक्षा रोज शंभर पोरांचा स्वयंपाक करायची. ताटं स्वच्छ परत यायची, पण त्या ताटांखाली कुणी लाल बदाम उमटवत नव्हतं.

तिनेही करून बघितलं होतं. तेलाच्या डब्याला फोन टेकवून नाचणीच्या भाकरीचा व्हिडिओ काढला आणि टाकला. त्या दिवशी तिने फोन किती वेळा उघडला याला गणती नाही. पीठ मळताना उघडला, पाणी भरताना उघडला, पोरांची पंगत बसलेली असताना पदराआड उघडला. एक्केचाळीस माणसांनी बघितलं होतं. एकाने 'नाईस' लिहिलं होतं, तो गुडघेदुखीचं तेल विकणारा निघाला. त्या संध्याकाळी भाजी करपली आणि अधीक्षकांची बोलणी खावी लागली.

तेव्हापासून तिचं बिनसलं. जेवण जाईना. नवरा लक्ष्या नरपडच्या चिकूवाडीत कामाला जायचा, घरी आला की विचारायचा, "काय झालं? कुणी काय बोललं का?" कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. तिच्या छातीत नुसती धग होती, आणि ती धग कमी व्हावी म्हणून ती पुन्हा कमळीचेच व्हिडिओ बघायची. कमळीच्या बांगड्या नव्या. कमळीची बोलण्याची ढब शहरी. 'आमच्याकडे असं करतात,' असं कमळी हसून सांगायची, तेव्हा दक्षाला वाटायचं, तुमच्याकडे कुठे, माझ्याकडे करतात! डहाणूत एका कार्यक्रमात कमळीला शाल दिली, तेव्हा गर्दीत उभ्या असलेल्या दक्षाला मिठी मारून ती म्हणाली होती, "बाय, तुझ्यामुळे सगळं." पण ते म्हटलं तेव्हा मिथुनचा फोन खिशात होता. दक्षाने एवढंच लक्षात ठेवलं.

आणि आज हा कडूकंदाचा व्हिडिओ.

कडूकंद नावासारखाच कडू, आणि कच्चा पोटात गेला तर बाधणारा. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग टोपलीत भरून अख्खी रात्र वाहत्या पाण्यात ठेवायच्या. सकाळी चाखून बघायच्या, कडवटपणा उरला असेल तर पुन्हा पाण्यात. कमळीने चकत्या दाखवल्या, राख दाखवली, उकडणं दाखवलं. आणि लगेच पुढच्या क्षणी कढईत मोहरी तडतडली. मधली रात्र नव्हतीच.

दक्षाचं बोट लिहायच्या जागेवर गेलं आणि थांबलं.

खाली लोकांनी खूप काही लिहिलं होतं. त्यात विरारच्या हर्षदा नावाच्या बाईने लिहिलं होतं, 'ताई, परवा बाजारात कच्चा कडूकंद मिळाला. रविवारी मुलांना करून घालते.'

दक्षाने ते दोनदा वाचलं. मग फोन मसाल्याच्या फळीवर पालथा ठेवला आणि डाळ ढवळू लागली. आपण कशाला सांगायचं? ब्याऐंशी हजारांत एकाला तरी कळेल. आणि नाही कळलं तर... त्या 'नाही कळलं तर'पाशी तिच्या मनाला इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच भीती वाटली. तरी तिने फोन उचलला नाही.

शनिवारी तिने दहा वेळा बघितलं. कुणीही चूक दाखवली नव्हती. 'मस्त', 'तोंडाला पाणी सुटलं', 'ताई तुम्ही आपली संस्कृती जपताय'. दक्षाला वाचून हसू आलं. जपतेय म्हणे! भात लागत होता हिचा.

रविवारी तिची सुट्टी होती. लक्ष्या शेतावर गेला होता, भात पोटरीला आलं होतं. दक्षाने अंगण सारवायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. हात धुऊन तिने फोन घेतला, 'एक रात्र पाण्यात ठेवा' असं लिहिलं आणि पुसलं. लिहिलं तर कमळी खाली लिहील, 'थँक्यू बाय', वर दोन बदाम टाकेल, आणि लोक पुन्हा तिचंच कौतुक करतील, चूक कशी लगेच मान्य केली म्हणून. तिने पुन्हा सारवण घेतलं. पण शेणाच्या गोळ्यावर हात फिरवताना तिच्या डोळ्यांसमोर शाळेतली पोरं आली. ताट पुढे करून उभी असलेली, काय वाढलं हे न विचारता खाणारी.

तिने कमळीला फोन लावला. कमळीने उचलला नाही. पुन्हा लावला. मग तिने हर्षदाला थेट निरोप लिहिला, 'ताई तो कंद खाऊ नका. पाण्यात ठेवायचं राहिलंय. बाधेल.'

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. उत्तर लगेच आलं. 'अहो आत्ताच जेवलो. मोठ्याला उलट्या होतायत, घसा जळतोय म्हणतो. काय करू?'

दक्षाच्या हाताला शेण तसंच होतं. 'दवाखान्यात न्या, आत्ता. कडूकंद खाल्ला असं डॉक्टरला सांगा. उरलेला सोबत न्या.'

मुलगा नऊ वर्षांचा होता. दोन दिवस सलाइनवर होता, मग बरा झाला. पण झालेलं सगळं हर्षदाने व्हिडिओखाली लिहिलं, आणि सोमवारपासून कमळीवर लोक तुटून पडले. 'पोरांना मारायला निघाली.' 'अडाणी बाईच्या हाती फोन दिला की असं होतं.' 'आत टाका हिला.' दक्षा एकेक ओळ वाचत होती आणि पहिल्या काही ओळींना तिला खरंच गोड लागलं. दोन वर्षांची धग निवल्यासारखं वाटलं. मग कुणीतरी लिहिलं, 'हे जंगली लोक काहीही खातात.' तिथे तिचं बोट थांबलं. हे काही कमळी एकटीला नव्हतं.

मंगळवारी शाळेतून परतल्यावर ती बघते, तर कमळी ओट्यावर बसलेली. तलासरीहून दोन गाड्या बदलून आली होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. दक्षाला बघताच तिने हात धरले.

"बाय, हर्षदाताईंनी मला सांगितलं. तू लिहिलंस म्हणून डॉक्टरला लगेच कळलं. तुझ्यामुळे पोर वाचलं."

दक्षा तिच्याशेजारी ओट्यावर टेकली.

"व्हिडिओ लांब होतोय म्हणून मीच मिथुनला म्हटलं होतं, काप. माझीच अक्कल शेण खायला गेली," कमळी म्हणाली. "आता मी नवीन काढणार आहे. तू समोर बस. तू दाखव नीट कसं करायचं ते. मी सगळ्यांना सांगते, ही माझी बाय, हिच्याकडूनच शिकले, हिनेच पोराला वाचवलं."

दोन वर्षं दक्षाला हेच हवं होतं. अगदी हेच, याच शब्दांत. नुसती मान हलवायची होती. तिच्या मनात आलंसुद्धा, कोणती साडी नेसू.

मग ती म्हणाली, "मला शुक्रवारीच दिसलं होतं."

"काय?"

"चूक. आणि त्या बाईने लिहिलेलंही वाचलं होतं, रविवारी करते म्हणून."

कमळीने हात सोडले नाहीत, पण ते सैल पडले. "मग फोन का नाही केलास?"

"तू पडावीस म्हणून."

अंगणात कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती. दक्षा आतून पाणी घेऊन आली, तरी कमळी तिकडेच बघत होती. "ओम नाव आहे त्या पोराचं," ती शेवटी म्हणाली. "मी काल बघून आले. हाताला सुई लावलेली होती." पिशवी उचलून ती निघाली. पाण्याला तिने हात लावला नाही.

नवा व्हिडिओ गुरुवारी आला. कमळी एकटीच होती. ओढ्यात टोपली धरून तिने सांगितलं, की चूक माझी, रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय हा कंद खायचा नाही. दक्षाचं नाव तिने घेतलं नाही, चांगलं नाही की वाईटही नाही. दोन लाख लोकांनी तो बघितला. तो आकडा बघताच दक्षाच्या छातीत पुन्हा तेच उठलं, आणि तिला स्वतःची इतकी शिसारी आली की तिने लक्ष्याला हाक मारली. त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "फोनमधलं ते व्हिडिओचं काढून टाकू?"

"काढ."

पहिले पंधरा दिवस तिचा हात उगाच कमरेला खोचलेल्या फोनकडे जायचा. हर्षदाला तिने फोन करून शुक्रवारचं सांगितलं. ती बाई रागावली, रडली, आणि फोन ठेवला. पुन्हा तिचा फोन आला नाही. दिवाळीला कमळी माहेरी आली, पण दक्षाच्या अंगणात आली नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता, तेव्हा दक्षाचा फोन वाजला. कमळी होती. हालहवाल काही नाही, 'बाय' नाही.

"शेवळाची भाजी दाखवतेय. घशाला खाजू नये म्हणून काय काय करायचं, सगळं सांग."

"वरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा. मग बारीक चिरून उकडायचं. काकडाच्या झाडाची आंबट फळं ठेचून घालायची, नसतील तर चिंच."

"लिहून घेतलं. आणखी काही राहिलंय?"

पलीकडून मिथुनचा आवाज येत होता, उजेड चांगला आहे, चला लवकर. एक गोष्ट राहिली होती, आणि ती न सांगता फोन ठेवणं सोपं होतं.

"काकडं हात राखून घालू नकोस, भरपूर घाल," ती म्हणाली. "आणि उकडलेलं पाणी फेकून दे, भाजीत वापरू नकोस. लोकांना ते नक्की सांग."

"बरं," कमळी म्हणाली, आणि फोन ठेवला.